चिमणरावापासून आबांपर्यंत

दिलीप प्रभावळकर आमच्या घरात दोनदा राहून गेले. पहिल्यांदा आले ते चिमणराव होऊन, 1977 च्या सुमारास. तेव्हा आम्ही परकर-पोलक्यातल्या होतो. दुसऱ्यांदा आले ते गंगाधर टिपरे होऊन, 2001 साली, आणि तेव्हा आमचीच पोरं शाळेत जात होती. पहिल्या खेपेला ते आमच्या वडिलांच्या वयाचे वाटत, दुसऱ्या खेपेला सासऱ्यांच्या. खरं तर चिमणराव रंगवला तेव्हा हा माणूस तेहतीस वर्षांचा होता. शहापूर-मुरबाडकडच्या माझ्या वयाच्या कुणाही बाईला विचारा, तिच्या घरची गोष्ट टीव्हीवरच्या या दोन मालिकांच्या मधोमध कुठेतरी बसलेली सापडेल.

माझं माहेर मुरबाड तालुक्यातलं, सरळगावाहून किन्हवलीकडे जाणाऱ्या रस्त्याला आत. सासर शहापूर. एकीकडे सिद्धगड-नाणेघाटाची रांग, दुसरीकडे माहुलीचे सुळके. दोन्ही गावं मुंबईपासून म्हटलं तर जवळ, म्हटलं तर लांब. शहापूरला निदान आसनगाव स्टेशन आहे, मुरबाडला रेल्वे नाही, एसटीनं कल्याण गाठायचं. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. वरळीचा मनोरा उभा राहिला, तरी आमच्यापर्यंत येईतो त्या लहरींचा जीव अर्धा झालेला असे. म्हणून आमच्याकडचे अँटेना मुंबईकरांच्या अँटेनापेक्षा कितीतरी उंच. पाण्याच्या पाइपाला पाइप जोडून, चारी बाजूंनी तारा ओढून, तोंड पश्चिमेला करून ठेवलेले. ज्येष्ठात वारा सुटला की सगळ्यात आधी काळजी कौलांची नाही, अँटेनाची.

माहेरच्या गावात पहिला टीव्ही आला तो शाळेतल्या गुरुजींकडे. लाकडी पेटीतला, पुढे सरकती दारं असलेला, वर गुरुजींच्या मंडळींनी विणलेला रुमाल. चिमणरावाच्या दिवशी जेवणं दिवसाउजेडी उरकायची. माजघरात गुरुजींच्या घरचे, पडवीत आम्ही पोरं, ओट्यावर बायका, आणि अंगणात बाप्ये उभे. पुरुष माणसं आत येऊन बसत नसत, पण निघूनही जात नसत. पडद्यावर मुंग्या आल्या की गुरुजींचा थोरला मुलगा कौलांवर चढायचा, आणि "आलं, आलं… गेलं!" असा पुकारा ओट्यापासून कौलांपर्यंत साखळीनं जायचा. कधी वरळीहूनच "व्यत्यय" अशी पाटी यायची. तेव्हा कुणी उठत नसे. बायका राहिलेलं बोलणं पुरं करून घेत.

चिमणराव नोकरदार, पापभीरू, घरच्यांना आणि जगाला बिचकून असणारा. गुंड्याभाऊ, म्हणजे बाळ कर्वे, त्याच्या उलट: धिप्पाड, मिश्यांचा, हातात सोटा, बोलण्याआधी हात उगारणारा. काऊ, मोरू, मैना, राघू अशी पाखरांची नावं असलेलं ते घर. दोघं मिळून काही साधं काम करायला निघत आणि ते काम त्यांच्या अंगावर कोसळे, एवढंच त्यात असायचं. पण चिमणरावाची फजिती होत असताना आम्ही कधी त्याच्या विरुद्ध बाजूला नव्हतो. तो पडला की ओट्यावरच्या बायका "अगं बाई!" म्हणत आणि मग हसत. आधी जीव हळहळायचा, मग हसू यायचं, हा क्रम मला अजून आठवतो.

हे लिखाण चि. वि. जोशींचं. जन्म पुण्याचा, नोकरी बडोद्याची, पाली भाषेचे प्राध्यापक. बौद्ध ग्रंथांचा अभ्यास करणाऱ्या या विद्वानानं 1933 मध्ये 'चिमणरावाचे चऱ्हाट' काढलं आणि मराठी मध्यमवर्गाला त्याचं घर दाखवलं. आमच्या शेतकरी घरांचा आणि पुण्यातल्या त्या कारकुनी घराचा तसा काय संबंध? आमच्याकडे नोकरी म्हणजे फार तर गुरुजी किंवा तलाठी. तरी पाहुणे येणार म्हटल्यावर होणारी धांदल, मुलीचं लग्न जमवताना बापाची होणारी दमछाक, उसनं अवसान, हे सगळं आमच्याही घरात तसंच होतं. मापं वेगळी, कापड तेच.

आजोबांना मात्र प्रभावळकर मान्य नव्हते. त्यांच्या मते खरा चिमणराव दामुअण्णा मालवणकर. 'लग्न पहावं करून' हा 1940 चा बोलपट त्यांनी म्हशाच्या जत्रेत, तंबूत पाहिला होता. मास्टर विनायकांनी केलेला, दामुअण्णा आणि विष्णुपंत जोग त्यात चिमणराव-गुंड्याभाऊ. पौषात म्हशाला बैलबाजार भरतो, आजोबा बैल बघायला गेले आणि चिमणराव बघून आले, असं आजी सांगायची. दामुअण्णांची ती तिरकी नजर आजोबा डोळे फिरवून करून दाखवत. "हा पोरगा चांगला आहे, पण दामुअण्णाला काय डोळा होता!" असं म्हणून ते गुरुजींच्या अंगणात शेवटपर्यंत उभे राहत, आणि एकही भाग चुकवत नसत.

आजीला गुडघ्यांमुळे रात्री गुरुजींकडे येता येत नसे. तिच्यासाठी आत्या चिमणराव घरी आणायची. ही माझी सगळ्यात लखलखीत आठवण आहे. परत आलो की आजी अंथरुणावर उठून बसलेली, कोनाड्यात चिमणी मिणमिणत असायची, आणि आत्या उंबऱ्याशी उभी राहून सुरुवात करायची. पदर डोक्यावरून घट्ट आवळला की काऊ. तोच पदर कमरेला खोचून कोपऱ्यातलं मुसळ उचललं की गुंड्याभाऊ. खांदे पाडून, मान जरा पुढे काढून, हात छातीशी धरले की चिमणराव. अर्ध्या तासाचा भाग आत्या तासभर सांगायची. मधे आजी विचारायची, "मंग? पुढं काय झालं?" आणि पुढे काही झालेलं नसलं तरी आत्या काहीतरी घडवून आणायची. आम्ही पोरं पाहून आलेलो असायचो, तरी तोंड उघडत नव्हतो, कारण आत्यानं घडवलेलं मूळ भागाहून कमी नसायचं. आजीनं चिमणराव टीव्हीवर कधीच पाहिला नाही. पण चिमणराव कसा आहे हे तिच्याइतकं नेमकं गावात कुणाला माहीत नव्हतं.

तेवढ्यावर भागत नसे. सकाळी आवणीला गेल्यावर पुन्हा तेच. चिखलात वाकून रोपं लावता लावता एका टोकाची बाई म्हणायची, काल मी नव्हते, काय झालं? की गुंड्याभाऊ बांधावर उभा. ज्यांच्या घरात वीजच नव्हती अशा ठाकरवाडीतल्या बायकाही त्या ओळीत असत, आणि त्यांनाही चिमणराव ओळखीचा झाला होता. मालिका ठरलेल्या दिवशीच लागायची आणि मधले सगळे दिवस मोकळे असायचे, म्हणून हे घडलं. ते मोकळे दिवस आम्ही भरले. मला विचाराल तर त्या मालिकांचं खरं आयुष्य टीव्ही बंद झाल्यावर सुरू व्हायचं. आज रोज रात्री लागणाऱ्या मालिका सांगाव्याच लागत नाहीत. उद्या पुन्हा आहेच, आणि कालचंच पुढे चालू आहे. त्यात रडणं आहे, विष आहे, कटकारस्थान आहे. घरातल्या घरात कुणीतरी कुणाच्या वाइटावर टपलेलं असतं. ते पाहून उठलेली बाई आवणीच्या ओळीत काय सांगणार?

नंतरची काही वर्षं हिंदीची. 1984 चं 'ये जो है जिंदगी' गावात चांगलं चालायचं, पण त्यातलं घर मुंबईचं, गुळगुळीत. आम्ही हसलो आणि विसरलो. वागळे मात्र विसरले नाहीत. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून आलेली, कुंदन शहांनी दिग्दर्शित केलेली 'वागळे की दुनिया' 1988 मध्ये लागली तेव्हा मी नुकती लग्न होऊन शहापूरला आले होते. आमचे हे कसारा लोकलनं मुंबईला अप-डाउन करायचे. पहाटे निघायचं, आसनगावपर्यंत जे वाहन मिळेल ते, पुढे दोन तास उभ्यानं. रात्री परत येऊन पाय पसरून अंजन श्रीवास्तवांचे वागळे बघताना ते फारसं बोलत नसत, पण भारती आचरेकर काही बोलल्या की माझ्याकडे बघून मान हलवत. नव्या घरात माझी आणि त्यांची पहिली ओळख बरीचशी अशीच झाली. तेच श्रीवास्तव आणि आचरेकर 2021 च्या नव्या 'वागळे'मध्ये म्हातारे आई-बाबा होऊन आले, तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं.

विलायतेची एक वाटही या सगळ्यात आमच्या घरातून गेली आहे. 1993 मध्ये पंकज कपूरांचं 'जबान संभालके' बघून आमच्या पोरांनी चाळीतल्या सगळ्यांच्या बोलण्याच्या नकला केल्या. त्या मालिकेचं मूळ 'माइंड युवर लँग्वेज' ही इंग्रजीच्या मास्तराची लंडनची मालिका, आणि ती तिकडे नेमकी 1977 ला सुरू झाली होती. आमचा चिमणराव आणि त्यांचा तो मास्तर एका वर्षाचे. फारूख शेखांचं 2001 चं 'जी मंत्रीजी' तर बीबीसीच्या 'येस मिनिस्टर'वरूनच घेतलेलं. पण मला खरी आपली वाटली ती तिसरीच. लॉकडाउनमध्ये मुलानं संगणकावर एका जुन्या इंग्रजी मालिकेचे तुकडे लावून दिले, 'लास्ट ऑफ द समर वाइन'. यॉर्कशायरमधलं होमफर्थ नावाचं डोंगरातलं गाव, आणि त्यात निवृत्त झालेली तीन माणसं. टेकड्यांवरून भटकतात, बांधाला टेकून गप्पा मारतात, काहीतरी उद्योग काढतात, तो फसतो, मग चहा. बोलणं मला निम्मं कळत नव्हतं, मुलगा सांगत होता. ही मालिका 1973 ते 2010 चालली, 295 भाग. त्यातला पीटर सॅलिस हा नट पहिल्या भागापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक भागात आहे. सुरुवातीला पन्नाशीचा, शेवटी नव्वदीला टेकलेला. लोकांनी त्याला टीव्हीवर म्हातारं होताना पाहिलं आणि त्याच्यासोबत स्वतःही झाले. हे ऐकलं आणि मला एकदम आमचे प्रभावळकर आठवले. कुठलं यॉर्कशायर, कुठलं शहापूर! पण तिथल्या बायकाही दुसऱ्या दिवशी दुकानात हेच बोलत असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

'श्रीयुत गंगाधर टिपरे' आली ती अल्फा मराठीवर. प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या पुस्तकावरून केदार शिंदेंनी केलेली. पुस्तक टिपरे कुटुंबातल्या माणसांच्या डायरीचं. आबा म्हणजे प्रभावळकर, मुलगा शेखर म्हणजे राजन भिसे, सून श्यामल म्हणजे शुभांगी गोखले, नातवंडं शलाका आणि शिऱ्या, रेश्मा नाईक आणि विकास कदम. तोवर शहापुरात केबल घरोघर झाली होती, टीव्हीही रंगीत, गुरुजींच्या पडवीची गरज उरली नव्हती. पण आमच्या घरात त्या वेळी तीन पिढ्या एका खोलीत बसत होत्या. सासरे आरामखुर्चीत, सासूबाई खाली वाल निवडत, हे लोकलचा शीण काढत, पोरं पुस्तक उघडं टाकून.

टिपऱ्यांच्या घरात घडायचं तरी काय? शिऱ्याचे मार्क, शेखरची चिडचिड, शेजाऱ्यांशी कुरबूर, कुणाचा तरी वाढदिवस विसरणं. आबा मधे पडायचे, बरेचदा नातवंडांच्या बाजूनं, आणि कधी कधी स्वतःच लहान मुलासारखे खोडी काढून बसायचे. आमच्या खोलीत प्रत्येकाला आपापला माणूस सापडला होता. शेखर वैतागला की पोरं चोरून यांच्याकडे बघायची. श्यामल मधल्या मधे सगळ्यांना सांभाळून घ्यायला लागली की सासूबाई निवडणं थांबवून मला म्हणायच्या, "बघ, तुझंच चाललंय." घरात जे तोंडानं बोलता येत नव्हतं, ते आम्ही त्या अर्ध्या तासात टिपऱ्यांच्या नावावर बोलून घेत होतो. यांची आणि मोठ्या मुलाची त्या काळात दहावीवरून धुसफुस चालू होती. शेखर-शिऱ्याचं असंच काही लागलं की दोघं एकाच जागी हसायचे, आणि त्या रात्री जेवताना आवाज चढत नसत.

सासऱ्यांवर आणखीनच परिणाम झाला. त्यांना खताच्या दुकानातून दरवर्षी एक डायरी भेट मिळायची, ती आजवर किराणा हिशेबाला जायची. टिपरे सुरू झाल्यावर त्यांनी ती स्वतःकडे ठेवून घेतली आणि रोज रात्री चार ओळी लिहू लागले. त्या डायऱ्या आमच्याकडे आहेत. "आज पाऊस बरा. राब रुजला." "सिलिंडर लावला." "धाकटा पडला, गुडघा फुटला, औषध लावलं." "टिपरे पाहिलं. अर्ध्यात लाइट गेली. कल्याणला फोन करून विचारलं." निळ्या शाईत, मोडीची सवय असलेल्या पिढीचं ते तिरकं वळण. सातवीपर्यंत शिकलेला, उभ्या आयुष्यात पत्रापलीकडे काही न लिहिलेला शेतकरी एका मालिकेमुळे लिहिता झाला, याहून मोठं त्या मालिकेबद्दल मी काय सांगू?

तो कल्याणचा फोन म्हणजे माझी नणंद. लाइट आमच्याकडे अशी हुकमी जायची की टिपऱ्यांचा भाग पुरता पाहायला मिळणं नशिबावर. पडदा काळा झाला की सासरे काळोखात चाचपडत फोनपाशी जायचे. तिकडून नणंद बघत बघत सांगायची, सासरे ऐकून आम्हाला सांगायचे, आणि काळोखातली सगळी खोली एकदम हसायची. आत्या आणि आजी यांची जागा आता फोनच्या दोन टोकांनी घेतली होती. दुसऱ्या दिवशी लोकलच्या डब्यात ह्यांच्या ग्रुपमध्ये तेच चालायचं. भजन संपलं की टिपरे. वाशिंदला चढणाऱ्याच्या घरी लाइट असे, तो खर्डीवाल्याला राहिलेला भाग सांगायचा.

एक गोष्ट मला तेव्हाही जाणवायची. टिपऱ्यांच्या मुंबईतल्या घरात श्यामल नळ सोडायची. मुंबईचं जवळजवळ निम्मं पाणी आमच्या शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणाचं, तानसाही इथलंच. आणि त्याच धरणांच्या उशाशी असलेल्या आमच्या पाड्यांवर मार्च उजाडला की टँकरची वाट बघतात, बायका हंडे घेऊन दरीत उतरतात. हे मला आजही टोचतं, आणि टोचत राहायला हवं. पण म्हणून टिपऱ्यांचा राग कधी आला नाही. ती माणसं इतकी आपली झाली होती की सासूबाई म्हणायच्या, "जाऊ दे, आबांच्या घरी तरी येतंय ना पाणी."

अशा साध्या, निरुपद्रवी मालिकांना पुष्कळ लोक हलकं समजतात. मला ते मुळीच पटत नाही. ज्या भागात काहीच घडत नाही, तो अर्धा तास सावरून धरणं हे सगळ्यात अवघड काम. भडक प्रसंगात नट लपू शकतो, बशीतला चहा पिताना लपू शकत नाही. याच प्रभावळकरांनी 'चौकट राजा'त मनाची वाढ खुंटलेला नंदू केला, 'हसवाफसवी'त एका नाटकात सहा भूमिका केल्या, 2006 मध्ये 'लगे रहो मुन्नाभाई'त गांधीजी केले. एवढी ताकद असलेला नट टिपऱ्यांच्या आबांसाठी ती सगळी मुठीत धरून ठेवतो आणि चष्म्यावरून नुसता बघतो. त्या बघण्यावर आमची अख्खी खोली हसायची.

2025 च्या ऑगस्टमध्ये बाळ कर्वे गेले. वयाची नव्वदी ओलांडली होती. बातमी कळली त्या संध्याकाळी माझा फोन थांबलाच नाही. मुरबाडहून चुलतभाऊ, बदलापूरहून मामेबहीण, कल्याणहून नणंद. गुरुजींच्या पडवीत शेजारी शेजारी बसलेली आम्ही सगळी भावंडं आता आजी-आजोबा झालेली. सगळ्यांना त्यांचा सोटाच आठवत होता, आणि आत्याचं मुसळ. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे, माहेरीच असते. भावानं तिला फोन दिला. मी म्हटलं, "आत्या, गुंड्याभाऊ गेला गं." ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "कुठला? जोग की कर्वे?" आजोबांचा वाद तिनं अजून सोडलेला नव्हता.

मग त्यातून दुसराच वाद पेटला. चुलतभाऊ म्हणाला, चिमणराव तो चिमणराव, आबा म्हणजे नंतरचं. नणंद टिपऱ्यांच्या बाजूची, कारण तिनं ते निम्म्या शहापूरला फोनवर सांगितलेलं. माझा धाकटा मध्येच म्हणाला की त्याच्या मते शिऱ्याच सगळ्यात भारी, आणि त्याला सगळ्यांनी गप्प केलं. म्हशाच्या जत्रेला या वेळी सगळे माहेरी जमणार आहोत. मोठ्या मुलानं टिपऱ्यांचे भाग फोनमध्ये भरून घेतलेत. चिमणरावाचे मात्र आमच्यापैकी कुणाकडेच नाहीत, म्हणून ते आत्याला करायला सांगायचे ठरलंय. चुलतभावानं मुसळ आधीच शोधून ठेवलं आहे, आणि आत्याची अट एकच: दामुअण्णांचा डोळा ती आधी करून दाखवणार.